तुम्ही पोचलात

"आम्ही पोचलोय," माझे होणारे सासरे फोनवर म्हणाले. "आता तुमचा मांडव कुठं बुडालाय तेवढं सांगा."

मी मुंडावळ्या बांधून, हिरवा चुडा भरून आत्यासमोर पाटावर बसले होते. फोन तात्यांचा, पण तात्या बाहेर आचाऱ्याशी हुज्जत घालत होते, म्हणून तो माझ्या मांडीवर पडला होता. नवरीनं सासऱ्याशी असं फोनवर बोलू नये हे सांगायला आत्यानं तोंड उघडलं, पण तोवर मी बोलून बसले होते.

"कुठं पोचलाय?"

"ही बाई म्हणतीय, पोचलात. सारखं तेच म्हणतीय. समोर पाणी, मागं चिखल आणि गाडीची चाकं दिसेनात."

ही बाई म्हणजे मोबाईलमधली. डावीकडं वळा, उजवीकडं वळा, असं सांगत माणसाला कुठंही नेऊन घालणारी. मी कपाळाला हात लावला, मुंडावळ्यांसकट.

आमचं गाव कुसगणी. ते धरणात गेलं तेव्हा मी पाटी-पेन्सिलीच्या वयाची होते आणि माझी धाकटी बहीण रेश्मा आईच्या कडेवर. सरकारनं आम्हाला उचलून वर डोंगराच्या अंगाला वसाहतीत आणून बसवलं. वसाहतीला सरकारी नाव आहे, क्रमांक आहे, फाट्यावर पिवळी पाटी आहे. पण ते नाव आमच्यातलं कुणी तोंडातून काढत नाही. लग्नाची पत्रिका असो नाहीतर दहाव्याचं बोलावणं, त्यावर 'मुक्काम कुसगणी' असंच छापायचं, हा आमचा नियम. एका शिकलेल्या माणसानं पत्रिकेत वसाहतीचं नाव घातलं, तर त्याच्या मांडवात आमच्यातलं कुणी जेवायला गेलं नाही. आचाऱ्यानं बुंदीच्या पराती गुरांपुढं रिकाम्या केल्या. नव्या पाहुण्यांना तोंडी सांगायचं, फाट्यावरून वर या म्हणून. तसं निभत होतं.

मग मोबाईल आले. नकाशात कुसगणी नव्हतंच, नुसता निळा डाग. तात्यांना ते सोसेना. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुना डांबरी रस्ता उघडा पडतो, घरांची जोती दिसायला लागतात. अशा एका उन्हाळ्यात तात्या रेश्माला घेऊन खाली गेले आणि तिच्याकडून शिकून नकाशावर खूण करून आले. आधी 'कुसगणी'. मग स्वतःच्या नावानं 'महिपती शेलार यांचे घर'. नकाशानं ते निमूट मान्य केलं. सरकारनं जे कधी मान्य केलं नाही, ते मोबाईलनं केलं, म्हणून तात्यांनी पेढे वाटले.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते दारात बसून मोबाईलला घरचा रस्ता विचारायचे. मोबाईल दाखवायचा, खाली उतरा, मग सरळ पाण्यातून चालत जा.

"बघ की," ते म्हणायचे, "अजून चालत जाता येतंय."

आम्ही हसायचो. हसण्यासारखं पुष्कळ घडतही होतं. विम्याचा एजंट पाण्याच्या काठावर उभा राहून फोन करायचा. गुरांचा डॉक्टर येऊन गाळात रुतला आणि त्याची पिशवी वाहून गेली. निवडणुकीत एका उमेदवाराची जीप भोंगा लावून थेट काठापर्यंत गेली आणि बराच वेळ पाणकोंबड्यांना मतं मागत राहिली. दर वेळी आम्ही ट्रॅक्टर घेऊन उतरायचो, साखळी लावायचो, ओढून काढायचो. माणसं शिव्या घालत निघून जायची. पोटं धरून हसत आम्ही वर यायचो.

माझं लग्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वसाहतीतल्या पोरींना स्थळं येत नव्हती. धरणातली पोरगी म्हणजे ना जमीन, ना विहीर, ना माहेरचा आंब्याचा करंडा. मला बघायला येऊन पोहे खाऊन गेलेल्यांचा हिशेब आत्यानं ठेवायचा सोडला होता. आई नव्हती. तात्या दिवसेंदिवस वाकत चालले होते. त्यात पुण्याच्या बाजूचं जगदाळ्यांचं स्थळ जमलं, घरचा बंगला, मुलगा कंपनीत. तात्या मला एवढंच म्हणाले होते, "हर्षे, ह्ये पार पडलं तर तुझ्या मागनं रेश्मीचं पडंल, आन् तिच्या मागनं वसाहतीतल्या पोरींचं. ह्ये मोडलं तर आपल्या आळीत कुणी येणार न्हाई."

जगदाळ्यांना पत्ता तात्यांनी स्वतः मोबाईलवर पाठवला होता. मी विचारलं होतं, "कुठला पाठवलाय?"

"आपल्या घरचा," ते म्हणाले होते.

ट्रॅक्टर चालवणारा चुलतभाऊ गॅसच्या टाक्या आणायला तालुक्याला गेलेला. वसाहतीत ट्रॅक्टर हाकू शकेल असं दुसरं माणूस मीच. आत्या आडवी आली. "हळदीच्या अंगानं पाण्याकडं जायचं नसतं गं!" पण मुहूर्त पाण्याकडं बघत थांबणार नव्हता. मी शालू खोचला आणि स्टिअरिंगवर बसले. साखळी धरायला रेश्मा मागं उभी राहिली. तिला त्या वर्षी नर्सिंगला नंबर लागला होता, म्हणून ती दोन दिवस पांढऱ्या बुटांच्या गोष्टी करत होती. तात्या आमच्या आधीच पळत सुटले होते, फेटा एका हातात धरून.

खाली जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढं आहे. ट्रॅव्हल्सची मोठी गाडी जुन्या रस्त्यानं ऐटीत उतरली होती. रस्ता जिथं गाळात शिरतो तिथं तिचं नाक खाली गेलेलं. पैठण्या नेसलेल्या बायका पोटऱ्यांपर्यंत चिखलात. एका म्हातारीची चप्पल शोधायला तिघं वाकलेले. ड्रायव्हर गाडीपासून लांब उभा राहून तंबाखू मळत होता, जणू ही गाडी त्याची नव्हेच. आणि गाडीतून अजून त्या बाईचा आवाज येत होता.

माझे होणारे सासरे सयाजीराव जगदाळे पांढऱ्या कपड्यांत एका उघड्या जोत्यावर उभे होते. शेजारी एका सपाट दगडावर नवरदेव बसलेला, विक्रांत. त्यानं बूट काढून हातात घेतले होते.

तात्या धापा टाकत पुढं गेले आणि हात जोडले. "चुकी झाली, पाव्हणं. वर मांडव हाय. आत्ता काढतो गाडी."

"चुकी कसली?" जगदाळे हसले. "पत्रिकेत गाव हेच. मोबाईलमध्ये गाव हेच. फक्त पाणबुडी घेऊन यायची असं लिहायला विसरलात." बायका हसल्या. जगदाळ्यांना चेव आला. "मला वाटलं पोरीबरोबर भांडीकुंडी देणार. तुम्ही तर मासेच द्यायच्या तयारीत दिसताय!"

आता पुरुषही हसले. कुणीतरी मोबाईल काढून चित्रीकरण सुरू केलं. तात्याही थोडं हसले, लग्नातल्या थट्टेला हसावं तसं. मी साखळी अडकवली आणि ट्रॅक्टर गियरमध्ये घातला. गाडी करकरत जरा वर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अजून दोन झटके आणि ती रस्त्यावर आली असती.

"थांबा," जगदाळे इंजिनावर आवाज चढवून म्हणाले. "घाई कशाला? पाहुणे, तुमच्यात जावयाचे पाय धुवायची पद्धत आहे ना?"

"हाय की. मांडवात."

"ही बाई म्हणतीय, मांडव हाच. पोचलात म्हणतीय. मग इथंच धुवा. पाणी भरपूर आहे. आणि एकट्या नवरदेवाचे नकोत. तुमच्या गावानं एवढ्या जणांना चिखलात उतरवलंय."

मला वाटलं, कुणीतरी म्हातारं माणूस आता म्हणेल, पुरे झालं. कुणी म्हटलं नाही. त्या हसण्यात एक मजा होती, उकाड्यात, भुकेल्या पोटी, फुकट मिळालेली मजा, आणि ती कुणाला सोडवेना.

तात्या खाली बसले. त्यांनी ओंजळीनं पाणी घेतलं आणि जगदाळ्यांचे पाय धुतले. मग नव्या उपरण्यानं पुसले. मग त्या म्हातारीचे. मग एका काकाचे, ज्यानं आधी पाय मुद्दाम पुन्हा चिखलात बुडवला आणि मग पुढं केला. रेश्मा साखळी सोडून धावत गेली आणि तात्यांच्या हातातलं उपरणं घेऊन बायकांचे पाय पुसू लागली. मी वर बसून बघत होते. इंजिन चालू होतं, त्यामुळं मला फक्त तोंडं हलताना दिसत होती.

मी इंजिन बंद केलं.

तात्या सरकत सरकत नवरदेवापाशी आले होते. विक्रांतनं पाय पुढं केला. त्याच्या दुसऱ्या हातात मोबाईल होता, तात्यांच्या डोक्यावर धरलेला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. हा माणूस काहीतरी बोलेल, या आशेवर मी अजून बसलेली. आणि तो बोलला. अगदी हळू, आदरानं, मोठ्यांशी बोलावं तसं.

"मामा, टाचेला राहिलंय."

तात्यांनी टाच हातात घेऊन धुतली.

मी खाली उतरले, साखळीचा आकडा काढला. गाडी ओरडली आणि खाली घसरत पुन्हा गाळात गेली, आधीपेक्षा खोल. बायका किंचाळल्या. माझ्या अंगात आलं होतं म्हणा. तो आवाज कानाला फार गोड लागला, आणि आजही लागतो.

"तात्या, उठा," मी म्हणाले. "चला घरी."

तात्यांनी मान वर केली. "हर्षे, साखळी लाव. माफी माग त्यांची."

"कशाची?"

"माग म्हंतो ना."

"तुम्ही उठा आधी."

ते उठले नाहीत. त्यांचा हात अजून त्या टाचेवर होता. मी रेश्माकडं बघितलं. "रेश्मे, चल."

रेश्मानं माझ्याकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं, आणि हातातल्या उपरण्याकडं बघत तिथंच उभी राहिली. मी ट्रॅक्टर वळवला. मागून जगदाळे काहीतरी ओरडले. मी ऐकलं नाही.

वर येऊन मी मांडवात सगळ्यांसमोर सांगितलं, लग्न मोडलं. आत्या मटकन खाली बसली. मी आतल्या खोलीत गेले आणि कडी घातली. मला रडू आलं नाही. छाती ताठ झाली होती. आपण बापाची अब्रू वाचवली असं वाटत होतं, आणि तात्या येऊन पाठीवर हात ठेवतील याची मी खरंच वाट बघत होते.

दुपारी चुलतभाऊ परतल्याचा आणि ट्रॅक्टर पुन्हा खाली गेल्याचा आवाज आला. उन्हं कलली तेव्हा बाहेर वाजंत्री सुरू झाली. मी कडी काढली. दारात तात्या उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, चेहरा उतरलेला.

"शालू उतरव," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"शालू उतरव. रेश्मीला नेसवायचाय. गोरजावर अक्षता हाईत. जगदाळ्यांनी मोठं मन केलं. रेश्मीला घेत्यात."

"रेश्माला विचारलं तुम्ही?"

"तिला काय इचारायचं? ती तिथं उभी व्हती."

"तात्या, ती शिकणार आहे. त्या माणसानं तुमच्याकडून काय करून घेतलं ते बघितलंय मी. तुमच्या अंगावरचा चिखल अजून वाळला नाही, आणि तुम्ही तिला..."

"काय करून घेतलं?" तात्यांचा आवाज एकदम चढला. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "जावई बसला व्हता त्यो दगूड कुठला, ठाव हाय तुला? आपल्या ओट्याचा. तुझी आय त्या ओट्यावर मला पाणी द्यायची. म्या मुद्दाम धाडला त्यो पत्ता. पाणी उतरलंय, येकडाव पावण्यांनी आपल्या दारात पाय ठेवावा, मग वर यावं, येवढंच व्हतं माझ्या मनात. आन् देवानं त्यांना बरोबर ओट्याशी आणून थांबवलं. ते हसत व्हते. हसू दे की. म्या माझ्या दारात बसून जावयाचे पाय धूत व्हतो. आख्ख्या कुसगणीत येकट्या माझ्या नशिबात ते आलं. मला लाज न्हाई वाटली. लाज तू आणलीस."

मी शालू उतरवला. मुंडावळ्या काढून त्यावर ठेवल्या. थोड्या वेळानं रेश्मा तो नेसून आली. मिऱ्या सुटत होत्या. "आक्का, पिन दे," एवढंच ती म्हणाली. मी पिन लावून दिली. मंगलाष्टका मी भिंतीआडून ऐकल्या.

त्या लग्नानं आळीतल्या पोरींची दारं उघडायची होती, ती खरंच उघडली. तात्यांचं म्हणणं खरं ठरलं. माझ्यासाठी मात्र पुन्हा कुणी आलं नाही. तात्या आणि मी त्याच घरात राहिलो. माझ्या हातची भाकरी ते खायचे, पण मरेपर्यंत त्यांनी मला हाक मारली नाही. काही हवं असलं की भांडं वाजवायचे.

रेश्मा पहिल्या दिवाळीला आली तेव्हा तिनं हसत हसत सांगितलं. त्या दिवसाचं चित्रीकरण जगदाळ्यांकडं प्रत्येक पाहुण्याला दाखवतात. आणि विक्रांतचं ते वाक्य तर घरची म्हणच होऊन बसलंय. भाकरी जरा करपली, टाचेला राहिलंय. फरशी पुसून झाली, टाचेला राहिलंय. पुढं तिला मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात पाळण्यात वाकून बघत विक्रांत तेच म्हणाला आणि सासू तोंडाला पदर लावून हसली. तेही तिनं हसतच सांगितलं. तात्या शेजारी बसले होते. ते उठून बाहेर गेले आणि मोबाईलला घरचा रस्ता विचारत बसले.

तात्या गेले त्याला बरीच वर्षं झाली. नकाशावरची त्यांची खूण काढून टाका, असं लोक मला सांगतात. ही जागा आता अस्तित्वात नाही, असं एक बटण दाबलं की झालं. मी दाबलं नाही. उन्हाळ्यात अजून कुणीतरी येऊन फसतं, आणि मी साखळी घेऊन उतरते.

गेल्या मे महिन्यात दुपारी फोन वाजला. रेश्मा होती.

"आक्का, मी पोचलीय."

"फाट्यावर? थांब, येते."

"फाट्यावर न्हाई. घरी."

मी ट्रॅक्टर घेऊन खाली गेले. ती एकटीच होती. रस्ता संपतो तिथं रिक्षा सोडून ती गाळातून चालत गेली होती आणि ओट्याच्या दगडावर बसली होती. शेजारी एक मोठी बॅग. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना रडणं, ना राग. केस पांढरे झाले होते, माझ्याआधी.

"पोरगी कुठंय?"

"हॉस्टेलला. नर्सिंगला घातलीय. ती गेली, मग मी निघाले."

"कायमची?"

तिनं बॅगेकडं हात केला.

"चल मग वर. ऊन किती आहे!"

"अशी कशी येऊ?" तिनं पाय पुढं केले. गुडघ्यापर्यंत चिखल होता. "पाय धू की माझे."

मी हसले. ती हसली नाही. पाय तसेच पुढं धरून बसून राहिली. तेव्हा मी खाली बसले, ओंजळीनं पाणी घेतलं, आणि तिचे पाय धुतले. आधी एक, मग दुसरा. बोटांमधला गाळ काढला. पदरानं पुसायला घेतले.

ती पाण्याकडं बघत होती.

"टाचेला राहिलंय," रेश्मा म्हणाली.

मी पुन्हा पाण्यात हात घातला.